कोडकौतुक

डोंबिवली (पूर्व),
१२ मार्च १९९९

प्रिय आई,

फोनवर येत नाहीस म्हणून लिहितेय. परवा केला तर मामी म्हणाली, आंघोळीला गेल्यात. काल संध्याकाळी केला तरी आंघोळीला. आज सकाळी परत आंघोळच. आंबिवलीला एवढं पाणी कधीपासून यायला लागलं गं? रुसायचं तर खुशाल रूस, पण मामीला खोटं बोलायला लावू नकोस, तिला ते अजिबात जमत नाही. ती ‘आंघोळीला’ म्हणत होती आणि मागून तुझा खोकला ऐकू येत होता.

घरची खबर अशी की बाबा जिवंत आहेत आणि मीसुद्धा. तू गेल्या दिवशी त्यांनी पिठलं केलं. दुसऱ्या दिवशी तेच पिठलं घट्ट झालं म्हणून त्याला झुणका म्हणाले. हिंगाची डबी कुठेय ते अजून सापडलेलं नाही, पण तुला विचारायचं नाही असा त्यांचा बाणा आहे. ऑफिसातून आले की पायातले बूट न काढता आधी स्वयंपाकघरात डोकावतात आणि मग उगाच पाणी पितात. गोदाकाकू रोज गॅलरीतून विचारतात, वासंतीताई कधी येणार? मी सांगते, भावाकडे विश्रांतीला गेलीय. त्या म्हणतात, बरं केलं, आणि माझ्याकडे असं बघतात की त्यांना सगळं ठाऊक असावं. असणारच, भिंत एकच आहे.

आता सरळ सांगते, उगाच आशेला लावत नाही. पान मी काढलेलं नाही आणि काढणारही नाही. जाताना जिन्यात तू म्हणालीस, ‘ते पान काढशील तेव्हाच मी या घरात पाणी पिईन.’ मी ऐकलं, विसरले नाही. पण आई, तू ते पान बघितलंच नाहीस. न बघता रागावलीस. दुसऱ्या कुणी केलं असतं तर तूच म्हणाली असतीस, आधी बघा तरी! म्हणून पहिल्यापासून सांगते. रागावायचं ते नीट सगळं कळल्यावर रागाव.

स्टेशनजवळच्या क्लासला मी जायला लागले, तेव्हा तूच देवापुढे साखर ठेवली होतीस. ठाण्याच्या ऑफिसात टायपिंग करून पोरगी थकते, कॉम्प्युटर शिकली तर बढती मिळेल, असं तुझं म्हणणं. तिथे सरांनी सांगितलं, प्रत्येकाने स्वतःचं वेब पेज करायचं. म्हणजे इंटरनेटवर आपल्या नावाचं एक पान. तुम्ही कोण, काय करता, काय आवडतं ते लिहायचं, फोटो लावायचा, आणि ते जगात कुणालाही उघडून वाचता येतं. वर्गातल्या बाकीच्यांनी क्रिकेटवाल्यांचे नाहीतर हिरॉइनींचे फोटो लावले. ते पान करायला जे लिहावं लागतं त्याला म्हणतात कोड.

हा शब्द मी घरी पहिल्यांदा उच्चारला तो दिवस आठवतो? ‘आज खूप कोड लिहिला’ म्हटलं, तर तू ताबडतोब उठून खिडकी लावलीस. मी सांगितलं, अगं हा इंग्रजी कोड, कॉम्प्युटरचा. तू म्हणालीस, ‘इंग्रजी असो नाहीतर फ्रेंच, या घरात तो शब्द नको.’ मला हसू आलं आणि मग आलं तसं गेलं. कारण खरंच, आपल्या घरात तो शब्द कधी नव्हताच. माझ्या हातावर पहिला पांढरा ठिपका आला तेव्हापासून आपण त्याला ‘ते’ म्हणतो. ‘ते’ वाढलं का? ‘ते’ला मलम लावलंस का? दवाखान्यात जायचं तर शेजारी सांगायचं, दात दाखवायला जातोय. मला वाटतं सगळ्या डोंबिवलीत माझ्याइतके दात कुणी दाखवले नसतील.

आणि नातेवाइकांसाठी दुधाची गोष्ट. ती कुठून सुरू झाली ते मला लख्ख आठवतं. मी चौथीत होते, कोपरीला आत्याकडे मुंज होती. पंगतीत कुणीतरी माझं मनगट धरलं आणि मोठ्याने म्हणालं, हे काय गं पोरीच्या हाताला? सगळ्या बायका वळून बघायला लागल्या. मी तुझा पदर धरून उभी होते. तू भाजीवाल्याशी घासाघीस करतानासुद्धा खोटं बोलत नाहीस, पण त्या दिवशी पापणी न लववता म्हणालीस, ‘माझ्या हातून दूध सांडलं हो. उकळतं. माझं लक्षच नव्हतं.’ झालं. माझ्याकडे बघणाऱ्या सगळ्या नजरा तुझ्याकडे वळल्या. आत्या म्हणाली, ‘वासंती, अगं पोरीची जात! लक्ष असतं कुठे तुझं?’ तू मान खाली घातलीस आणि मला वाढायला लागलीस.

मग काकाच्या मुलीचं बारसं झालं. पाळण्याभोवती सगळ्या काकवा, माम्या उभ्या होत्या, बाळाला पाळण्याखालून देत होत्या, वरून घेत होत्या. तू हात पुढे केलास. आत्या हसत हसतच म्हणाली, ‘वासंती, तू घुगऱ्यांचं बघ गं. बाळ आम्ही घेतो.’ तू घुगऱ्यांचं बघायला गेलीस. त्यानंतर घराण्यात जेवढी बारशी झाली तेवढ्या सगळ्या बारशांच्या घुगऱ्या तुझ्या. पुढे पुढे कुणी सांगायची गरजच उरली नाही, तूच आल्या आल्या पदर खोचून हरभऱ्याच्या पातेल्याकडे जायचीस. सगळे म्हणायचे, घुगऱ्या कराव्यात तर वासंतीनेच. मला त्या घुगऱ्या घशाखाली उतरत नाहीत, आई. तू विचारायचीस, खात का नाहीस. आता कळलं?

बरं, दूध तरी शहाणं निघायचं! सांडलं डाव्या हातावर आणि पांढरं झालं उजव्या कोपराला. मग मानेवर. सांडलेलं दूध वर कसं चढलं याचं उत्तर आपल्या तिघांपैकी कुणाकडे नव्हतं, म्हणून मनगटापर्यंत बाह्या आल्या. मे महिन्यात, डोंबिवलीच्या घामात, सगळ्या मैत्रिणी बिनबाह्यांचं घालून हिंडायच्या आणि मी थंडीताप आल्यासारखी. तू म्हणायचीस, झाकली मूठ सव्वा लाखाची. पण इतकी वर्षं मूठ झाकून ठेवली की बोटं आखडतात गं. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितं म्हणतात. आपल्याकडे तर दुधाने काही पोळलंच नव्हतं, तरी आपण आयुष्यभर ताक फुंकत बसलो.

असो. पानाकडे येते. पहिल्यांदा मी काय लिहिलं माहितेय? बाबांनी स्थळांसाठी जो बायोडाटा टाइप करून ठेवलाय, तोच समोर घेतला आणि इंग्रजीत उतरवला. नाव, शिक्षण, नोकरी, गृहकृत्यदक्ष (बाबांनी माझी पोळी खाल्लेली असूनही), वर्ण गव्हाळ. पानाच्या मागे कुठला रंग हवा ते कोडात लिहावं लागतं, आणि काही रंगांची चक्क नावं आहेत. त्यात एक नाव निघालं ‘व्हीट’. म्हणजे गव्हाळच की! मला इतका आनंद झाला, म्हटलं बायोडाट्याला शोभेल. टाकला. आई, तो रंग आला कसा तर फिक्का, पिवळट, मारी बिस्किटासारखा. आपल्या सात पिढ्यांत असा कुणी जन्माला आलेला नाही. तू नाहीस, बाबा तर नाहीतच नाहीत. मी त्या बिस्किटी पानाकडे बघत बसले. वर माझा स्टुडिओतला फोटो, ज्यात त्या फोटोवाल्याने टचअप करून माझी मान एकसारखी करून दिली होती. सगळं पान नीटनेटकं आणि त्यात मी कुठेच नव्हते. जी गोष्ट मी माझ्या नावाने जगासमोर ठेवणार, तीही खोटीच ठेवायची? मग केली कशाला? मी सगळं खोडलं. अगदी पहिल्या ओळीपासून.

दुसरं पान लिहायला वेळ लागला. कोड अवघड नव्हता, वाक्यं अवघड होती. पहिलं वाक्य लिहिलं, ‘माझं नाव हेमा, आणि मला कोड आहे.’ इंग्रजीतच लिहिलं, कारण मराठी अक्षरं दुसऱ्याच्या मशीनवर उघडली की मुंग्या पांगल्यासारखी दिसतात. मग लिहिलं की हे कशाने होतं आणि कशाने होत नाही. हात लावला तर लागत नाही. मागच्या जन्मीचं पाप नाही. मासे खाऊन वर दूध प्यायल्यानेही नाही. तुला आठवतं, या एका गोष्टीपायी मला बांगडा बंद होता? ते पण लिहिलं. मग कॅमेऱ्यात उरलेल्या रोलवर बाबांकडून फोटो काढून घेतला, गच्चीत, तुझ्या पापडांच्या शेजारी उभी राहून, अर्ध्या बाह्यांचा ड्रेस घालून. बाबांनी कॅमेरा डोळ्याला लावला. फक्त म्हणाले, ‘ऊन चांगलंय, हात जरा पुढे घे.’

फोटो धुऊन आणला, क्लासच्या स्कॅनरने कॉम्प्युटरमध्ये घेतला, आणि पान फ्लॉपीत भरून सायबर कॅफेत नेलं आणि चढवलं. फुकट जागा देणारी एक कंपनी आहे, तिथे. उघडून बघते तर सगळा मजकूर बरोबर आणि फोटोच्या जागी रिकामी चौकट, त्यात लाल फुली! म्हटलं, घ्या, कॉम्प्युटरनेही झाकलं मला. रडकुंडीला आले. नंतर कळलं, चूक माझीच. फोटो क्लासच्या मशीनमध्ये ठेवलेला आणि कोडात पत्ता तिथलाच दिलेला, मग तो कॅफेतल्या मशीनला सापडणार कसा? आपल्या कपाटात ठेवलेली वस्तू शेजाऱ्याला त्याच्या कपाटात शोधायला सांगावी तसं. परत क्लासला गेले, पत्ता बदलला, फोटोही फ्लॉपीत घेतला, परत आले. तेव्हा तो फोटो वरून खाली हळूहळू उघडत गेला. आधी आभाळ, मग माझे केस, मग मान, मग हात. मी तिथे बसून माझेच हात पहिल्यांदा बघितल्यासारखे बघितले. चांगले आहेत गं माझे हात.

तुला मी त्याच आठवड्यात सांगणार होते. शपथ. होळीला पुरणपोळ्या झाल्या की सांगू, असं मनाशी ठरवलं होतं. पण आपले बाबा! आत्याचा फोन आला आणि लेकीचं कौतुक केल्याशिवाय त्यांना राहवेना. लाइन खरखरत होती म्हणून ओरडून बोलत होते. ‘हेमाचा कोड फार वाढलाय गं आता! आता सगळ्या जगाला दिसणार!’ तिकडून आत्या काय बोलली देव जाणे, पण बाबा आणखी खुशीत येऊन म्हणाले, ‘छे छे, लपवायचं कशाला? अभिमान आहे आम्हाला!’ तू आतून धावत आलीस तोवर त्यांनी फोन ठेवलासुद्धा.

दुसऱ्या दिवशी सकाळीच आत्या दारात. हातात डागांवर लावायच्या बावचीच्या तेलाची बाटली आणि कल्याणच्या कुठल्यातरी वैद्याचा पत्ता. आल्या आल्या माझा हात धरून बाही वर सारली. तू मध्ये आलीस, ‘नाही हो वन्सं, ते दूध…’ आई, तुझा आवाज इतका बारीक झाला होता. इतक्या वर्षांनी परत तेच, परत तुझी मान खाली. मला ते बघवलं नाही. मी म्हटलं, ‘दूध नाही आत्या. बाबा सांगत होते तो कोड वेगळा. पण हे कोडच आहे. पहिल्यापासून कोडच होतं.’ बाबा सोफ्यावर बसले होते, त्यांना तेव्हा कुठे उमगलं की आदल्या दिवशी ते फोनवर काय बोलले. मग पानाचंही निघालं. आणि तू कपाटावरची बॅग काढलीस.

तू गेल्यावर मी ठरवलं, रडायचं नाही. रडले, पण ठरवलं होतं. तुझी भीती मला कळते. कोण करील हिच्याशी लग्न, हेच ना? जो येईल तो हात बघून येईल, आई. आधी हात आणि मग पोहे. कुणी नाही आला तर नोकरी आहे, कोड लिहिता येतो, आणि बाबांचा झुणका आहेच. मला भीती वाटते ती वेगळीच. लग्न होईल आणि मग तिथेही तू दुधाची गोष्ट सांगत बसशील, आणि मग माझ्या सासूच्या घरच्या बारशांनाही घुगऱ्याच करशील.

पानाखाली एक वही असते, आलेल्याने दोन शब्द लिहायचे. त्यात काय काय येतं! ब्राझीलच्या एकाने लिहिलंय, पान छान आहे, पापड म्हणजे काय? पण परवा एका मुलीने लिहिलं. कळव्याची आहे, ठाण्याच्या अलीकडची. इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिलंय: ‘ताई, माझ्यावर आमटी सांडली होती म्हणे. माझ्या आईच्या हातून.’ एवढंच. मी कॅफेत हसत होते आणि डोळ्यांतून पाणी येत होतं, काउंटरवरचा माणूस घाबरून पंखा वाढवायला उठला. म्हणजे बघ, तू एकटी नाहीस. दूध सांडणाऱ्या, आमटी सांडणाऱ्या, न सांडता सांडणाऱ्या किती आया असतील या कल्याण-ठाण्यात. आता सांग, हे पान मी काढू?

आणि आता, हे पत्र मुळात का लिहायला बसले ते. पानावर एकच ओळ मराठीत आहे. ती मी कागदावर हाताने लिहिली आणि तिचा फोटो करून लावला, म्हणजे अक्षरं पांगायला नकोत. ती ओळ मी तुला सांगितली नाही, कारण तू स्वतः बघावीस असं वाटत होतं. काल आत्या परत आली, मला पान काढायला लावायचंच म्हणून. बाबा म्हणाले, आधी बघ तरी, आणि तिला घेऊन आम्ही दोघं सायबर कॅफेत गेलो. इंग्रजीवरून तिची नजर नुसती घसरत होती. मराठी ओळ आली तशी ती थांबली. चष्मा काढला, पदराने पुसला, परत लावला, आणि मोठ्याने वाचलं, ‘माझ्या आईच्या हातून दूध कधीच सांडलं नाही.’ सगळा कॅफे बघायला लागला. आत्या बाबांकडे वळली. मग म्हणाली, ‘अरे प्रभाकर, आणि आम्ही तिला घुगऱ्यांना बसवत राहिलो रे.’ परतताना रिक्षात तिने माझा हात धरून ठेवला होता, बाही न ओढता. परवा रविवारी कोपरीला तिच्या नातवाचं बारसं आहे. तिचा निरोप आहे, तिच्याच शब्दांत देते: ‘वासंतीला सांग, हरभरे मी भिजत घातलेत आणि घुगऱ्या मीच करणार आहे. तिने पाळण्यापाशी उभं राहायचं. बाळ पहिल्यांदा तिच्या हातात द्यायचंय.’ उद्या सकाळी बाबा हे पत्र घेऊन आंबिवलीला येतायत, दारात उभे राहतील, आंघोळीला गेली म्हटलं तरी हलणार नाहीत. माझं कोडकौतुक तू खूप केलंस, आता जरा बाळाचं कर. तुझी ती मोरपंखी साडी इस्त्री करून ठेवलीय. मी अर्ध्या बाह्यांचा ड्रेस घालणार आहे.

तुझीच,
कधीच न भाजलेली,
हेमा